पाहणीचा दिवस

पत्र्याच्या फाटकाला बँकेने घातलेलं कुलूप गंजून गेलं आहे. शिपाई किल्लीला तेल लावून ती पुन्हा पुन्हा फिरवतो. साखळी सुटते तेव्हा साडेअकरा वाजून गेलेले असतात. फाटकावरची जुनी ताबा नोटीस पावसाने पांढरी पडली आहे. तिच्या शेजारी नवा कागद आहे: जाहीर ई-लिलाव, राखीव किंमत रुपये ८२,००,०००, इसारा रक्कम रुपये ८,२०,०००, पाहणी आज अकरा ते दोन, विक्री ‘जसे आहे जेथे आहे’ या तत्त्वावर. आमचं घर बरोबर समोर. मी ओट्यावरून उतरून आत जाणाऱ्यांच्या मागे जाते. बँकेचे प्राधिकृत अधिकारी माझ्याकडे बघतात, नोंदवही पुढे करतात आणि म्हणतात, “शेजारी का? या, सही करा.”

इचलकरंजीतली ही गल्ली म्हणजे सहा मीटरचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना गुंठ्या-दीड गुंठ्याचे प्लॉट. बहुतेक घरं पत्र्याची किंवा एका स्लॅबची. कुणी माग दुरुस्त करणारा जॉबर आहे, कुणी सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमध्ये आहे, कुणी सुताच्या पेढीवर दिवाणजी. मागच्या शेडमधून मागांचा खडखडाट दिवसभर येतो. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये या गावात पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून गावाचं बरंवाईट मागावरच ठरत आलं. या गल्लीच्या मधोमध तीन गुंठ्यांवर तीन स्लॅबांचं हे घर उभं आहे. बांधकाम सत्तावनशे चौरस फूट. विटांच्या भिंती आहेत, गिलावा नाही. दारांच्या जागी चौकोनी पोकळ्या आहेत. वरच्या स्लॅबवरून कॉलमच्या सळया पुरुषभर उंच बाहेर आल्या आहेत, म्हणजे चौथ्या मजल्याचाही विचार होता.

बघायला आलेली माणसं वेगवेगळ्या कारणांनी आली आहेत. एक ठेकेदार आहे, मूळचा गवंडी. खिशात हातोडी आणि छिन्नी. तारदाळकडून आलेलं एक जोडपं आहे, दोघंही शिक्षक, सोबत सासूबाई. एक तरुण डॉक्टर आणि त्यांना घेऊन आलेला एजंट. एजंट फाटकातूनच बोलायला लागतो, “डॉक्टर, वीस खाटांचं हॉस्पिटल आरामात बसतंय बगा.” डॉक्टर मागे वळून रस्त्याकडे बघतात. समोरून रिक्षा येते आणि बँकेच्या गाडीमुळे अडकते. रुग्णवाहिका इथे वळणार नाही आणि एवढ्या अरुंद रस्त्यावर रुग्णालयाला परवानगीही मिळणार नाही, हे त्यांना तिथेच उमगतं. पहिला मजला बघून ते निघून जातात.

ठेकेदार मात्र घाई करत नाही. तो एकेका कॉलमवर हातोडी मारून कान देतो. बऱ्याच कॉलमचा आवाज भरीव येतो. जिन्याजवळच्या एकाचा पोकळ येतो, तिथे काँक्रीटमध्ये खडी उघडी पडली आहे. वर जाऊन तो सळई छिन्नीने खरवडतो. गंजाचे पापुद्रे निघतात. “सिमेंटचं पाणी मारून ठेवायला पायजे होतं,” तो म्हणतो. “चार पावसाळे गेलेत ह्याच्यावरनं. वरचं कापून टाकावं लागणार.” गच्चीला उतार दिलेला नाही, म्हणून पाणी साचतं आणि खालच्या छताला ओल उतरते. बाथरूमसाठी खोल सोडलेल्या स्लॅबमध्ये आत्ताही हिरवं पाणी आहे. लिफ्टसाठी सोडलेल्या खड्ड्यात प्लास्टिकच्या बाटल्या आणि सुताचे बुचके साठले आहेत. मी या घराकडे रोज खिडकीतून बघते. तिथून ते नुसतं थांबलेलं वाटतं. आत आल्यावर दिसतं की ते थांबलेलं नाही, ते दरवर्षी थोडं थोडं खचतं आहे, आणि त्याची राखीव किंमत ठरवणाऱ्या कागदात हे खचणं पुरेसं आलेलं नाही.

शिक्षकबाई विचारतात, पाण्याची टाकी कुठे, ड्रेनेजची लाईन कुठून गेली. बँकेच्या साहेबांकडे मंजूर नकाशा आहे, पण त्यात दोनच मजले आहेत. तिसरा स्लॅब परवानगीशिवाय पडला आहे आणि बांधकाम परवान्याची मुदत केव्हाच संपली आहे. प्रत्यक्षात काय कुठे गाडलं आहे ते नकाशावरून कळत नाही. साहेब थोडा वेळ विचार करतात आणि फोन लावतात. दहा मिनिटांत घराचे मालक येतात.

मालक म्हणजे पूर्वीचे मालक असं कागदावर म्हणता येत नाही. विक्री होईपर्यंत मालकी त्यांचीच, ताबा मात्र बँकेचा. ते शेजारच्या गल्लीत दोन खोल्यांत भाड्याने राहतात. पांढरा लेंगा, इस्त्रीचा शर्ट. फाटकात चपला काढतात. आतमध्ये वाळू, विटांचे तुकडे, खिळे आहेत, तरी चपला काढतात. शिक्षक म्हणतात, “काका, राहू द्या, पायाला लागेल.” ते ऐकत नाहीत.

आणि मग ते घर दाखवतात. त्यांच्याइतकं हे घर कुणालाच माहीत नाही. काळी माती किती खोल लागली, मुरूम लागेपर्यंत खड्डे कसे खाली नेले, कुठल्या भिंतीत विजेच्या नळ्या आधीच घालून ठेवल्यात, टाकी जिन्याखाली का घेतली. “आपल्याकडं पाणी रोज येत न्हाई, म्हणून पंधरा हजार लिटरची केली,” ते म्हणतात. खालचा मजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा, तिसरा पाव्हण्यारावळ्यांना. सासूबाई विचारतात, देवघर कुठे. ते पूर्वेच्या कोपऱ्यातला लहान कोनाडा दाखवतात. आवाजात कुठेही तक्रार नाही. एखाद्या लग्नघरी पाहुण्यांना फिरवावं तसं ते सगळ्यांना फिरवतात, आणि मला तिथे उभं राहणं अवघड होतं.

हे घर बांधण्यासाठी त्यांनी बँकेचं कर्ज काढलं नव्हतं. कर्ज मागांचं होतं. साधे माग मोडीत काढून आधुनिक रॅपिअर माग घ्यायचे, तर सहकारी बँकेला तारण हवं. त्यांनी ही जागा तारण दिली आणि तिच्यावर धंद्याच्या कमाईतून २०१८ मध्ये घर सुरू केलं. नोटाबंदी आणि जीएसटीच्या धक्क्यांतून बाजार नुकता सावरत होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, माग थांबले, परप्रांतीय कामगार गावी गेले. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सहा महिन्यांची सवलत दिली, पण त्या काळातलं व्याज चालूच राहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल आला की तारणाचा ताबा घेऊन कर्जवसुली करू देणारा सरफेसी कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे. तो खटलाही आमच्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचा होता. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक. मग साठ दिवसांची नोटीस. पैसे आले नाहीत तर ताबा, आणि लागलाच तर तो जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने पोलीस बंदोबस्तात. कोर्टाची पायरी न चढता हे सगळं करता येतं. ठेवीदारांचे पैसे वसूल व्हायला हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. या गल्लीतल्या कितीतरी बायकांच्या भिशीचे आणि ठेवींचे पैसे अशाच बँकांत आहेत.

पण वसूल होतंय का? पहिल्या लिलावात राखीव किंमत एक कोटी एक लाख होती. कुणी आलं नाही. दुसऱ्यात एक्क्याण्णव, तेव्हाही नाही. आता ब्याऐंशी. शिक्षक जोडपं वीट-वाळूच्या ढिगाशेजारी उभं राहून मोबाइलवर हिशेब करतं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पाच-सव्वापाच लाख. ठेकेदाराला विचारतात, पुरं करायला किती लागतील. तो बोटांवर मोजतो: गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, नळकाम, वीज, रंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. “पंचावन्न धरा. सांगाडा उभा दिसतो म्हणून निम्मं झालं असं वाटतंय, पण तसं नसतंय.” बेरीज एक कोटी बेचाळीस लाखांच्या पुढे जाते. बाई हळूच मला विचारतात, “इथं घर कितीला जातं हो?” मी खरं ते सांगते. गेल्या दिवाळीत कोपऱ्यावरचं स्लॅबचं घर तेहतीस लाखांना गेलं, आणि गल्लीने तेव्हा तोंडात बोट घातलं होतं.

त्यातून पैसे भरायची मुदत. बोली लागली की पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पंचवीस टक्के, उरलेले पंचाहत्तर टक्के पंधरा दिवसांत. लेखी ठरलं तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पलीकडे नाही. मुदत चुकली तर भरलेले पैसे जप्त होतात. शिक्षक साहेबांना विचारतात, तुमचीच बँक कर्ज देईल का. साहेब प्रामाणिकपणे सांगतात की अर्धवट इमारत, संपलेला परवाना आणि एक मजला नकाशाबाहेर, अशा फायलीला मंजुरी मिळणं कठीण आहे. म्हणजे जी बँक हे घर ब्याऐंशी लाखांचं म्हणून विकते, तीच त्याच्या तारणावर कर्ज द्यायला तयार नाही. पगारदार माणसासाठी दार इथेच बंद होतं. साठ-पासष्ट लाख रोख हाताशी असलेला माणूस या गल्लीत राहायला येत नाही.

ठेकेदार शेवटी मोकळं बोलतो. “साहेब, ही जागा मोकळी असती तर मी आत्ता इथंच चेक फाडला असता. तीन प्लॉट पाडले असते, महिन्यात गेले असते. ह्या गल्लीत गिऱ्हाईक एका गुंठ्याचंच हाय.” साहेब म्हणतात, “पण बांधकामाची किंमत आहे ना.” “हाय की. बांधणाऱ्याला हाय. घेणाऱ्याला पाडायचा खर्च हाय.”

मालक हे ऐकतात. माझी नजर नको म्हणताही त्यांच्याकडे जाते. ते शांतपणे म्हणतात, “गेल्या वर्षी माझ्याकडं एक गिऱ्हाईक होतं, साहेब. धान्याच्या गोडाऊनला खालचा मजला पायजे होता, वर राहणार होता. अडुसष्ट देत होता. मी अर्ज दिला होता.” साहेब मान हलवतात. त्यांची तेव्हा इथे बदली झालेली नव्हती. कायद्यात खासगी कराराने विक्री करायची सोय आहे, दोन्ही बाजूंनी अटी लेखी मान्य केल्या की झालं. तो अर्ज तेव्हा बसून वाचला गेला असता, तर बँकेच्या खात्यात अडुसष्ट लाख जमा झाले असते, या माणसाच्या डोक्यावरचं ओझं तेवढ्याने उतरलं असतं आणि एक पावसाळा या स्लॅबवरून कमी गेला असता. कागदावरच्या मोठ्या आकड्यासाठी हातातलं गिऱ्हाईक सोडणं हे ठेवीदारांच्या हिताचं नव्हतं, असं मी साहेबांना सरळ सांगते. ते रागवत नाहीत. “ताई, राखीव किमतीच्या खाली द्यायचं म्हटलं तर उद्या चौकशी माझ्यावर येते,” ते म्हणतात. तेही खरं आहे. म्हणूनच मी त्यांना म्हणते की निदान पुढच्या मूल्यांकनाला या ठेकेदारासारखा माणूस सोबत घ्या, रचनेची तपासणी करून घ्या, तिसऱ्या मजल्याचं काय करायचं ते महापालिकेकडून लेखी आणा आणि मग नोटीस काढा. घेणाऱ्याला काय मिळणार ते कळलं तर चार माणसं पुढे येतील. साहेब वहीत काहीतरी लिहून घेतात. काय लिहिलं ते मला दिसत नाही.

शिक्षक जोडपं मालकांना नमस्कार करून निघतं. सासूबाई जाताना म्हणतात, “देवघर चांगलं केलं होतंत हो.”

दोन वाजत आलेत. साहेब शिपायाला खुणावतात, तोच पलीकडच्या आक्का फाटकात येऊन उभ्या राहतात. “साहेब, कुलूप घालायच्या आधी त्या टाकीचं बगा. गेल्या साली दोन पोरांना डेंगू झाला गल्लीत. महापालिकेचा माणूस येतो, कुलूप बघून परत जातो.” साहेब म्हणतात, अर्ज द्या, कार्यवाही करतो. आक्का हलत नाहीत. “अर्ज लिवून देते. पण डास काय अर्जाला थांबत्यात?”

मालक पुढे होतात. “साहेब, तुम्ही तासभर थांबा. माझी मोटार हाय घरात. टाकी उपसून देतो.” साहेब घड्याळ बघतात, शिपायाकडे बघतात. ताबा बँकेचा आहे, आत काही करायचं तर परवानगी लागते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मग ते नोंदवहीत एक ओळ लिहितात, त्याखाली मालकांची सही घेतात आणि म्हणतात, “एक तास. जास्त नाही.”

धाकटा मुलगा मोटार घेऊन येतो. वीज आमच्या घरातून द्यायची ठरते. मी खिडकीतून वायर सोडते, ठेकेदार ती उचलून रस्त्यावरून पलीकडे नेतो. जायचं सोडून तोही थांबला आहे. पाइपचं तोंड गटारीकडे वळवलं जातं तेवढ्यात आक्का ओरडतात, “गटारीत काय सोडतायसा! नळ परवा येणार हाय. संडासाला चालतंय की ते पाणी.” आणि समोरच्या घरातून दोन बॅरल बाहेर येतात, त्याच्या मागोमाग तिसरं.