आईला घेऊन रायगडाच्या पायऱ्या

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. यंदा त्याच दिवशी तळ्याला अभिवादन करून आम्ही जऊळक्याची मंडळी दुसऱ्या पहाटे रायगडावर निघालो. महाडहून गड सुमारे २५ किलोमीटर. उंची सुमारे २,७०० फूट, पायऱ्या दीड हजारांच्या आसपास.

आपल्याकडे ऊन कडक, पण घाम लगेच वाळतो. कोकणात हवा दमट. घाम वाळत नाही, अंग निवत नाही आणि दम लवकर लागतो. महादरवाजाच्या बऱ्याच अलीकडे सत्तरीची आई मटकन बसली.

"मी तळ्यासाठी आली होती, ते झालं. तुम्ही जा वर."

मला लाज वाटली. गडावर १९९६ पासून रोपवे आहे. तिकिटाचे पैसे वाचवायला मीच तिला चालवत आणले होते. सावलीत बसवून, मीठ-साखरेचे पाणी पाजून आम्ही तिला सावकाश खाली उतरवले. माथा राहिला.

बंधू-भगिनींनो, महाडला जाल तर रायगड जरूर पाहा. पहाटेच निघा, माणशी दोन लिटर पाणी घ्या आणि वडीलधाऱ्यांना रोपवेनेच न्या.