इंग्रजीचं ‘रन’, मराठीचं ‘चालणं’

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्याने लिहायला घेतली, तेव्हा त्या एका कामात त्यांचे नऊ महिने गेले. २०११ साली सुधारित नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यात फक्त क्रियापदाचेच ६४५ अर्थ होते. पूर्वी अनेक दशकं सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता, १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे चारशे तीसच्या आसपास अर्थ दिले होते. आपल्या शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ एवढं पाठ करून आपण पुढे जातो. मग एक दिवस नाक ‘रन’ होतं, दुकान ‘रन’ करतात, दूध ‘रन आउट’ होतं, आणि धावण्याचा या सगळ्याशी काय संबंध ते उमगत नाही.

संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. जुन्या इंग्रजीत ‘रिनन’ या क्रियापदाचा अर्थ धावणं आणि वाहणं असा दोन्ही होता. आजच्या जर्मनमध्ये ‘रेनेन’ म्हणजे धावणं आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणं, अशी दोन भावंडं वेगवेगळी नांदतात. इंग्रजीत मात्र दोन्ही कामं एकाच शब्दाकडे राहिली. त्यामुळे नदी, नळ, सर्दी झालेल्या मुलाचं नाक, भिजवलेल्या कपड्याचा रंग हे सगळं इंग्रजीत ‘रन’ होतं. आपल्याकडे नदी वाहते, नळ सुरू असतो, नाक गळतं आणि रंग जातो. विद्यार्थ्याला वाटतं, मूळ अर्थ धावण्याचा आणि वाहण्याचा अर्थ पुढे कधीतरी अलंकार म्हणून चिकटला. प्रत्यक्षात वाहणं पहिल्यापासूनच तिथे आहे. काही व्युत्पत्तिकोश तर या शब्दाचं नातं संस्कृत ‘री’ या धातूशी जोडतात. त्या धातूपासून आलेल्या ‘रीति’ या शब्दाचा एक जुना अर्थ प्रवाह असा होता. ते पटलं, तर आपली ‘रीत’ आणि इंग्रजांचं ‘रन’ यांचं दूरचं नातं निघतं.

याहून महत्त्वाची गोष्ट मात्र व्याकरणात घडली, आणि तिच्याबद्दल आपल्या वर्गांत कोणी बोलत नाही. ‘स्वतः धावणं’ आणि ‘दुसऱ्याला धावायला लावणं’ यांसाठी जुन्या इंग्रजीत दोन वेगळी, पण एकाच घराण्यातली क्रियापदं होती. काळाच्या ओघात दोघांची रूपं एकमेकांत मिसळली आणि एकच ‘रन’ उरलं. मराठीने हा भेद जपला आहे: चालणे आणि चालवणे, बसणे आणि बसवणे. ‘घोडा धावतो’ आणि ‘ती खानावळ चालवते’ या दोन्ही वाक्यांत इंग्रजी माणूस तेच क्रियापद वापरतो. पुढे कर्म आलं की अर्थ आपोआप ‘चालवणे’कडे सरकतो. ही एक खूण कळली तर अर्थांची अर्धी यादी पाठ करावी लागत नाही.

यंत्रयुगाने या शब्दाला आणखी पसरायला जागा दिली. इंजिन, गिरणी, छापखाना आणि शेवटी संगणकातला प्रोग्राम, सगळं ‘रन’ होऊ लागलं. लेखक सायमन विंचेस्टर यांनी २०११मध्येच लिहिलेल्या एका लेखात या क्रियापदाच्या भरभराटीचा संबंध आपल्या धावपळीच्या काळाशी जोडला होता. मला त्यात तथ्य वाटतं, पण मराठीने यंत्रांना सहसा पळवलं नाही. आपली गिरणी चालते, पंखा चालतो, खटला चालतो, सिनेमा पंचवीस आठवडे चालतो, घरही चालतं. इंग्रजीने जे ‘रन’कडे सोपवलं, त्यातलं बरंच मराठीने चालण्याकडे दिलं, आणि वर ‘चालेल’ म्हणून संमतीही त्याच शब्दात ठेवली.

काही ठिकाणी मात्र आपण धावण्याचा मान राखला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे ‘धावली’, असंच आपण आजही म्हणतो, आणि लोकल ‘उशिराने धावतात’. विमानाला धावपट्टी मिळाली. क्रिकेटने तर कुटुंबच उभं केलं: धाव, धावफलक, धावबाद, धावतं समालोचन. चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागेवरून न हलताही चार धावा मिळतात, तरी नाव धावेचंच. निवडणुकीत इंग्रजीचेच दोन सूर आहेत. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’. आपला उमेदवारही उभाच राहतो.

अवघड जातात ती ‘रन’मागे लागणारी आउट, ओव्हर, डाउन यांसारखी शेपटं. ‘रन आउट’मध्ये दूध, पैसे, वेळ संपतात, इथे जुना प्रवाह आठवावा, म्हणजे वाहता वाहता सगळं बाहेर गेलं आणि तळ दिसला. ‘रन ओव्हर’मध्ये भांडं ओसंडतं आणि माणूस गाडीखालीही येतो: एकदा पाणी काठावरून जातं, एकदा चाक अंगावरून. ‘रन डाउन’ म्हणजे बॅटरी उतरणं, आणि एखाद्याची निंदा करणंही. ‘रन इंटू’ म्हणजे धडकणं, तसंच रस्त्यात ओळखीचं माणूस अचानक भेटणंही.

महाराष्ट्रात २०००पासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी शिकवलं जातं. म्हणून माझं शिक्षकांना कळकळीचं सांगणं आहे: शब्दापुढे अर्थांची रांग फळ्यावर लिहू नका. आधी ‘पाणी वाहतं’ हे चित्र द्या, मग ‘कोणी काहीतरी चालवतं’ हे द्या, आणि मुलांना त्यांच्या मराठीतून जोड्या शोधू द्या. ‘रंग जातो’ हे ज्या मुलीला ठाऊक आहे, तिला कपड्याचा रंग ‘रन’ का होतो हे पटकन कळेल.

उलट्या दिशेनेही हीच मेहनत आहे. लष्करी अधिकारी जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. ‘लागणे’ या आपल्या एका क्रियापदापुढे त्यांनाही किती इंग्रजी शब्द मांडावे लागले असतील: भूक लागते, आग लागते, ठेच लागते, वेळ लागतो, वाटेत गाव लागतं, मुलाला नोकरी लागते आणि गाभण म्हैस हात लागू देत नाही.