वाखाचा दोर आणि वळणारे हात

धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्याला वाखाची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. बैलाचे दावे, कासरा, मोटेचा नाडा, दह्यादुधाचे शिंके या साऱ्यांना अंबाडीचा किंवा केकताडाचा, म्हणजे घायपाताचा, वाख लागे.

अंबाडीचा तंतू खोडाच्या सालीत असतो. पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने तो काडीला धरलेला असतो. पेंढ्या पाण्यात कुजत घातल्या म्हणजे सूक्ष्म जंतू ते द्रव्य खातात आणि साल सुटते. केकताडाचा तंतू पानात असतो. गर खरवडून तो काढावा लागतो. शंभर किलो हिरव्या पानांतून सुमारे चार किलो वाख मिळतो. अंबाडी कुजवावयास पाणी हवे, केकताड मात्र मुरमाड बांधावरही तगते. आमच्या अवर्षणाच्या मुलखात हा भेद लहान नव्हे.

दोर वळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाने केले. मोबदला बहुधा बलुत्याच्या धान्याचा. पुढे मोटा गेल्या, पंप आले, नायलॉनचा दोर आला. तो कुजत नाही म्हणून लोकांनी घेतला. आता तो कुजत नाही हीच तक्रार झाली आहे.

म्हणून जग पुन्हा वाखाकडे वळत आहे. 1947 च्या फाळणीत तागाची बरीचशी जमीन पूर्व बंगालात गेली व गिरण्या हुगळीकाठी राहिल्या, तेव्हा गोणपाटासाठी अंबाडीचाही आधार घेण्यात आला. आज अंबाडीच्या जातीच्या तंतूंपासून कागद होतो. राळेत दाबून मोटारींच्या दारांची आतली हलकी तावदाने होतात. संयुक्त राष्ट्रांनी 2009 हे नैसर्गिक तंतूंचे वर्ष म्हणून पाळले.

हा धंदा वाढावा, यंत्रे यावीत, असे आम्हांस मनापासून वाटते. आमचा प्रश्न इतकाच की, दोर वळणाऱ्या घरांचा वाटा त्यात कोणता? केकताडाच्या रसाने कातडी खाजते, पान खरवडणाऱ्या यंत्रात बोटे सापडू शकतात. तेव्हा हातमोजे, यंत्राला आडोसा आणि ठरलेली मजुरी या गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात. यंत्र सहकारी संस्थेच्या मालकीचे असावे, आणि तिच्या सभासदांत पहिली नावे वळणाऱ्यांची असावीत. बांधावर केकताड लावण्याआधी गावाने हा हिशेब मांडून घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.