आणणाऱ्याचं नाव

पाठीराखे : भाग ५

गेल्या आठवड्यात आपण शॅकल्टनबरोबर साउथ जॉर्जिया बेटावरचे बर्फाचे डोंगर ओलांडले. १९१६ सालची गोष्ट. चालणारे तिघेच, पण प्रत्येकाला आपण चौघे आहोत असं वाटत राहिलं. पुढे २००६ मध्ये ओलाफ ब्लांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या मेंदूतल्या ठरावीक जागी वीजप्रवाह सोडून तसाच एक 'कोणीतरी' तिच्या पाठीशी आणून उभा केला, तेही पाहिलं.

आजचा सोबती नुसता जाणवणारा नाही. तो उचलतो, दवाखान्यात पोहोचवतो आणि मग कुठंच सापडत नाही.

माझी मावशी बेळगावची, लग्न होऊन बंगळुरात मल्लेश्वरमला आली. (तिथल्या काडू मल्लेश्वराला व्यंकोजीराजांनी १६६९ साली गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. पाहुण्यांना ती आधी हे सांगते आणि मग चहा टाकते.) २००९ च्या पावसाळ्यात आठव्या क्रॉसवरून भाजी घेऊन येताना तिला एका स्कूटरनं उडवलं. स्कूटरवाला पळाला. डोक्यातून रक्त येतंय, भोवती घोळका जमलाय, आणि हात लावायला कोणी पुढं येईना. तेवढ्यात खाकी शर्टातला एकजण घोळक्यातून आत शिरला. खांद्यावरचा टॉवेल त्यानं तिच्या डोक्याला गुंडाळला, तिला ऑटोत घातलं, दवाखाना गाठला. भाडं घेतलं नाही. भाजीची पिशवी तेवढी आठवणीनं स्ट्रेचरखाली ठेवून गेला.

मी पहिल्यांदा ऐकली ती गोष्ट एवढीच. दोन-तीन वर्षांनी त्या वळणावर त्या दिवशी एकही ऑटो उभी नव्हती, असं तिच्यात आलं. दहा वर्षांनी तो मराठीत बोलला होता. काय बोलला? 'भिऊ नका, मी आहे.' मावशीच्या देवघरात अक्कलकोटच्या स्वामींचा फोटो आहे आणि त्याखाली काय लिहिलंय हे कुठल्याही मराठी घरात सांगावं लागत नाही.

मावशी खोटं बोलते असं मला मुळीच वाटत नाही. शेजारच्या कन्नड आजी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, 'देवरु बंद हागे बंद.' देव आल्यासारखा आला. आपणही 'देवासारखा धावून आला' असंच म्हणतो. त्यांचा 'हागे', आपला 'सारखा'. गोष्ट दहादा सांगून झाली की हा 'सारखा' गळून पडतो, आणि कधी गळला ते सांगणाऱ्यालाही कळत नाही.

आपल्याकडे या गोष्टीला साचाही तयार आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली. त्यांना धरून बिदरला नेत असतानाच एक विठू महार दरबारात हजर झाला, धान्याची पूर्ण रक्कम भरली, रीतसर पावती घेतली आणि नाहीसा झाला. ती पावती पंतांना त्यांच्या पोथीत सापडली, असं कथा सांगते. ख्रिस्ती परंपरेतल्या रक्षक देवदूताला पंख असतात, २ ऑक्टोबरला त्याचा सणही असतो. आपला देव मात्र अशा वेळी महार होतो, एकनाथांकडे पाणी भरणारा श्रीखंड्या होतो, सेना न्हाव्याच्या जागी धोपटी उचलून जातो. कष्टकऱ्याचा वेश घेतो आणि काम झालं की थांबत नाही.

पण मावशीचा पाठीराखा का थांबला नाही? तिच्या फाइलमध्ये दवाखान्याचा त्या दिवशीचा कागद अजून आहे. 'आणणाऱ्याचं नाव' या रकान्यात नुसतं 'ऑटो ड्रायव्हर'. पत्त्याच्या जागी आडवी रेघ.

२००९ सालचं ते. अपघातातल्या माणसाला आणणाऱ्यालाच पोलिस प्रश्न विचारणार, साक्षीला बोलावणार, दिवसाची कमाई बुडणार. सेव्हलाइफ फाउंडेशननं २०१३ मध्ये लोकांना विचारलं तेव्हा ७४ टक्के म्हणाले, आम्ही बहुधा मदतीला जाणार नाही. कारण विचारलं तर बहुतेकांनी पोलिसांचं आणि कोर्टाचंच नाव घेतलं. जो आला त्यालाही ही भीती असणारच. तो अंतर्धान पावला नाही, सटकला असणार.

३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. त्यासाठी स्वतंत्र कायदा करणारं पहिलं राज्य कर्नाटक. त्या कायद्याला २०१८ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यातही १३४-अ हे कलम आलं. आता जखमीला पोहोचवणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. विठू महारासारखं निघून जाणं आता कायदेशीर आहे म्हणायचं! गंमत पुढंच आहे. २०२१ पासून केंद्र सरकार अशा माणसाला पाच हजारांचं बक्षीस देऊ लागलं, नंतर ते पंचवीस हजार झालं. ते घ्यायचं तर नाव-पत्ता द्यावाच लागतो.

मावशीला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. 'असेल रे. पण मराठी बोलला तो.'

मागच्या महिन्यात तिच्याबरोबर ऑटोनं कस्तुरबा रोडच्या ट्रॅफिक गणपतीला गेलो. नवीन गाडीची पूजा करायला लोक येतात तो गणपती. बंगळुरात ड्रायव्हरच्या सीटमागं त्याच्या नावाचं, फोटोचं कार्ड लावलेलं असतं. मावशीनं पर्समधून चष्मा काढला, पुढं वाकून ते कार्ड वाचलं, मग आरशातून ड्रायव्हरचा चेहरा पाहिला. मी विचारलं, 'काय गं?'

'काही नाही. सवय आहे.'

(पुढील भागात : आरवलीचा वेतोबा आणि त्याच्या झिजणाऱ्या चपला)