शीच्या जागेचं लाल कडं
(लेखमाला : कातडीची कहाणी – भाग 11)

जुलैमधली संध्याकाळ होती. बाहेर धो धो पाऊस, दवाखान्याच्या दारात ओल्या छत्र्यांची रांग. भांडुपहून आलेली एक आई बाकावर बसून प्रत्येकाला पुढे जाऊ देत होती. सगळे गेल्यावर चार वर्षांच्या मुलाला घेऊन आत आली, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "डॉक्टर, याच्या शीच्या जागी लाल झालंय. दोन महिने झाले."

पिशवीतून तिनं टेबलावर चार ट्यूब काढल्या. आजीच्या मते जंत होते, म्हणून जंताचं औषध दोनदा देऊन झालं होतं. मग कुणी बुरशी म्हणालं, कुणी उष्णता. एका मलमानं लाली आठवड्यात उतरली आणि मलम थांबवताच दुपटीनं परतली. आता मुलगा शी धरून ठेवू लागला होता. शी आली की कपाटामागे जाऊन पाय आवळून, चवड्यांवर उभा राहायचा. "हट्टीपणा करतो म्हणून मी मारलंसुद्धा," असं सांगताना तिचे डोळे भरले.

मुलाला कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्यायला सांगितलं. गुदद्वाराभोवती दोन बोटं रुंदीचं लालबुंद कडं होतं. कंपासनं आखावी तशी त्याची कड स्पष्ट होती. एका बाजूला बारीक चीर पडलेली. त्याला ताप नव्हता, पू नव्हता. बुरशीत मुख्य चट्ट्याच्या आसपास सुटे ठिपके उठतात, तेही नव्हते.

हा जंतुसंसर्ग आहे. घसा दुखवणारा, टॉन्सिल सुजवणारा 'अ' गटातला स्ट्रेप्टोकोकस या जागीही बस्तान मांडतो. वैद्यकीय वाङ्मयात या जागच्या संसर्गाचं पहिलं वर्णन 1966 सालचं आहे. साधारण सहा महिने ते दहा वर्षांच्या मुलांत तो आढळतो. खाज सुटते, शी करताना दुखतं, कधी शीवर रक्ताची रेघ दिसते. दुखतं म्हणून मूल शी धरतं, धरलेली शी कडक होते, कडक शीनं चीर पडते आणि आणखी दुखतं. त्यात हा हट्टीपणा कुठे आला?

जंतही याच वयात होतात, म्हणून गोंधळ होतो हे खरं. पण जंतांची खाज बहुतेक रात्रीची असते आणि असं आखीव लाल कडं त्यात सहसा दिसत नाही. निदानाची खात्री स्वॅबनं होते. कापसाचा बोळा त्या लाल जागेवर फिरवायचा आणि चिठ्ठीवर 'स्ट्रेप्टोकोकस पाहावा' असं स्पष्ट लिहायचं, कारण शीच्या नेहमीच्या तपासणीत प्रयोगशाळा वेगळेच जंतू शोधते. रक्त घातलेल्या तबकडीवर हा जंतू वाढला की आसपासच्या तांबड्या पेशी फोडतो आणि प्रत्येक ठिपक्याभोवती स्वच्छ, पारदर्शक वलय उमटतं. मला ते वलय दर वेळी थांबून बघावंसं वाटतं.

उपचार साधा आहे. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, वजनाच्या हिशेबानं, तोंडावाटे, साधारण दहा ते चौदा दिवस. काहींना त्याहून जास्त. सोबत डॉक्टरांना गरज वाटली तर जंतुनाशक मलम आणि शी मऊ राहील असं औषध. पेनिसिलिनला आपल्याकडे इतिहास आहे. पुण्याजवळ पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला तो याच औषधासाठी. इतके जंतू औषधांना पुरून उरले, पण हा स्ट्रेप्टोकोकस आजही पेनिसिलिनला दाद देतो. एवढं हुकमी औषध हाताशी असताना मूल दोन-दोन महिने रडतं, याचा मला खरोखर राग येतो.

त्या चार ट्यूबांपैकी तीन 'थ्री-इन-वन' होत्या : स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र. स्टिरॉइडनं लाली दबते, जंतू मात्र तिथेच राहतो. त्या नाजूक जागेची कातडी पातळ होते ती वेगळीच. 2018 साली केंद्र सरकारनं लावायची 14 स्टिरॉइड्स चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरीही स्टेशनबाहेर 'खाजेची ट्यूब द्या' म्हटलं की ती हातात पडते. कृपा करून मागू नका.

मोठ्यांबद्दल थोडक्यात. तिथे ठसठसणारी गाठ आली, बसवेना, ताप भरला तर ते गळू असण्याची शक्यता मोठी. आतला पू गोळ्यांनी आटत नाही, त्याला चीर देऊन वाट करून द्यावी लागते. पोटीस बांधून दिवस काढू नका. मधुमेह असेल तर एक रात्रही थांबू नका. अशा काही गळवांतून पुढे भगंदर होतं, त्यावर पुढच्या भागात सविस्तर लिहिणार आहे. खासगी खर्च झेपत नसेल तर घाटकोपरचं राजावाडी, जुहूचं कूपर ही पालिकेची रुग्णालयं आहेत. केसपेपर काढा आणि दुखणं कुठे आहे ते नाव घेऊन सांगा. 'खाली दुखतंय' एवढ्यावर डॉक्टरला काही कळत नाही.

त्या मुलाचा स्वॅब अपेक्षेप्रमाणेच आला. घरात कुणाचा घसा दुखतोय का विचारल्यावर आईला मोठ्या मुलीची आठवण झाली. तिच्या घशातही तोच जंतू निघाला. एकाच बादलीतलं पाणी, एकच टॉवेल, दहा बाय बाराची खोली. दोघांना औषध दिलं. चौथ्या दिवशी मुलाची खाज थांबली तेव्हा औषध बंद करू का, असा आईचा फोन आला. नाही म्हटलं, हे दुखणं बऱ्याच मुलांत उलटतं, त्यामुळे डोस पुरा करून पुन्हा स्वॅब घ्यायचा होता.

तीन आठवड्यांनी ती आली. दवाखाना भरलेला होता. या वेळी दार लागायची वाट न पाहता बाकावरूनच म्हणाली, "डॉक्टर, आता रोज सकाळी न रडता शी करतो."