गावचं रोप शहरात रुसलंय?

वीकेंडला महाड-पोलादपूरला घरी गेलात, की परतताना बॅगेत आईने दिलेलं एखादं मनीप्लँट किंवा पीस लिलीचं रोप येतंच. दोन महिन्यांत पानं तपकिरी पडतात आणि आपण घाबरून आणखी पाणी ओततो. थांबा! आधी बघा, तपकिरी रंग नेमका कुठे आहे.

टोकं कुरकुरीत: हवा कोरडी पडतेय. सावित्रीच्या खोऱ्यातल्या दमट पावसाळ्यात वाढलेल्या रोपाला दिवसभराचा एसी सोसत नाही. कुंडी एसीच्या झोतातून हलवा. खताचा मारा केला असेल, तर महिनाभर खत बंद.

पान पिवळं, मग मऊ आणि तपकिरी: बहुतेक मुळं कुजतायत. मातीत दोन इंच बोट घाला. ओल लागली, तर पाणी नको. बशीत साचलेलं पाणीही ओतून द्या.

खिडकीकडच्या बाजूलाच डाग: कडक उन्हाने पान भाजलंय. पातळ पडदा लावा.

तपकिरी झालेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, तो कापून टाका. लक्ष ठेवा नव्या पानावर. ते स्वच्छ हिरवं आलं, की समजा, आईचं रोप तुमच्या फ्लॅटमध्ये रुळलं!