शेणखत टाकलं म्हणजे शेती सेंद्रिय झाली का? बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यांनी समजून घ्यावा असा फरक

बारामती / इंदापूर : "आम्ही यंदा युरिया टाकलाच नाही, आपला ऊस सेंद्रिय आहे," असं बोलणं पारावर नेहमी ऐकू येतं. पण त्याच उसात तणनाशक मारलेलं असेल तर ती शेती सेंद्रिय ठरत नाही. मग सेंद्रिय शेती म्हणजे नेमकं काय?

नेमका फरक काय?

रासायनिक शेतीत खत थेट पिकाला दिलं जातं. सेंद्रिय शेतीत आधी जमिनीला खाऊ घालायचं, मग जमीन पिकाला घालते. रासायनिक खतं, कीटकनाशकं, तणनाशकं आणि जनुकीय बदल केलेलं बियाणं इथं चालत नाही. त्याऐवजी शेणखत, गांडूळ खत, ताग-धैंचा, रायझोबियम, ट्रायकोडर्मा, निंबोळी अर्क आणि पिकांची फेरपालट यांवर भर असतो. गंधक, बोर्डो मिश्रण अशा काही गोष्टींना अटींवर मुभा आहे.

निर्यातीची द्राक्षं सेंद्रियच असतात, हाही एक गैरसमज. त्यांच्यात औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेच्या आत असावा लागतो, पण औषधं मारलेली असू शकतात. "रेसिड्यू फ्री" वेगळं, सेंद्रिय वेगळं.

हिशोब आधी करा

४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २१ किलो नत्र असतं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ते साधारण अर्धा टक्का. म्हणजे एका गोणीची बरोबरी करायला चार टन शेणखत हवं. सुरू उसाला एकरी सुमारे १०० किलो नत्राची शिफारस आहे. ते सगळं शेणखतातून द्यायचं तर एकरी २० टन लागेल. दावणीला दोन जनावरं असणाऱ्यानं एवढं आणायचं कुठून?

म्हणून पाचट जाळू नका. एकरी तीन ते चार टन पाचट निघतं. ते सरीत कुजवलं तर जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो, ओलावा टिकतो. सोबत हिरवळीचं खत आणि उसात हरभऱ्यासारखं द्विदल आंतरपीक घ्यावं.

खारवटलेल्या रानाचं काय?

नीरा डाव्या कालव्याखालची बरीच रानं खारवट-चोपण झाली आहेत. त्याला फक्त रासायनिक खत जबाबदार नाही. पाटानं भरमसाट पाणी आणि निचऱ्याचा अभाव ही मोठी कारणं आहेत. धैंचा अशा जमिनीतही येतो आणि गाडल्यावर सुधारणेला मदत करतो. पण चर काढून निचरा केल्याशिवाय नुसत्या सेंद्रिय खतानं रान सुधारणार नाही.

पहिली तीन वर्षं कसोटीची

रासायनिक खत एकदम बंद केलं की सुरुवातीला उतारा घटू शकतो. त्यातच 'सेंद्रिय' म्हणून जादा भाव लगेच मिळत नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमानुसार हंगामी पिकांना दोन वर्षं आणि बहुवर्षायू पिकांना तीन वर्षं रूपांतराचा काळ जातो. निर्यातीसाठी असं त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. देशातल्या विक्रीसाठी किमान पाच शेतकऱ्यांचा गट करून 'पीजीएस' पद्धतीनं कमी खर्चात प्रमाणपत्र घेता येतं. त्यात सदस्य एकमेकांच्या रानाची तपासणी करतात.

शेजाऱ्याची फवारणी वाऱ्यानं आपल्या पिकावर येते, हेही विसरू नका. बांधाला शेवरी किंवा गिरिपुष्पाची दाट ओळ लावावी.

सुरुवात कशी करावी?

सगळं रान एकदम सेंद्रियात नेण्याची जोखीम घेऊ नका, विशेषतः सोसायटीचं कर्ज डोक्यावर असताना. आधी माती परीक्षण करा, मग दहा-वीस गुंठ्यांत घरच्या खाण्यापुरता भाजीपाला आणि ज्वारी घेऊन बघा. काय टाकलं, कधी टाकलं, किती खर्च आला याची वही ठेवा. पुढं प्रमाणपत्रासाठी हीच वही उपयोगी पडते. माहितीसाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालय किंवा बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र गाठावं.